तुतीची लोंबी, मोहाचं फूल: झाडं फुलतात ती कुणासाठी?

तुतीचं झाड आपल्याकडे कुणी फुलांसाठी लावत नाही. पानं रेशमाच्या अळ्यांना नाहीतर शेळ्यांना, फळं पोरांना, एवढाच तिचा हिशेब. पण संक्रांत होऊन थंडी ओसरायला लागली की नव्या पालवीच्या बेचक्यांतून हिरवट, सुरवंटासारख्या लोंब्या लटकू लागतात, त्या एकदा जवळून बघाव्यात. लांबी जेमतेम बोटाच्या पेराएवढी. पाकळ्या नाहीत, भडक रंग नाही. एका लोंबीवर दाटीवाटीने कितीतरी फुलं बसलेली असतात आणि नराच्या प्रत्येक फुलात चार बारीक हिरवी दलं आणि चार पुंकेसर. कळीत असताना हे पुंकेसर आतल्या बाजूला वाकून दाबलेले असतात. ऊन चढतं, हवा कोरडी होते, दाब सुटतो आणि पुंकेसर ताडकन सरळ होतो. त्या झटक्याने पराग हवेत भिरकावला जातो. २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पांढऱ्या तुतीच्या या हालचालीचं अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं, तेव्हा दिसलं की हा सगळा प्रकार सेकंदाच्या चाळीस हजाराव्या भागात उरकतो आणि पराग ध्वनीच्या निम्म्याहून जास्त वेगाने सुटतो. वनस्पतीच्या कुठल्याही अवयवाची याहून जलद हालचाल तोवर मोजली गेली नव्हती.

अशी बिनपाकळ्यांच्या बारीक फुलांची, बहुतेक वेळा खाली लोंबणारी, एकतर सगळी नर नाहीतर सगळी मादी फुलं असलेली लोंबी म्हणजे इंग्रजीतलं कॅटकिन. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत तिला नतकणिश म्हणतात. इथे आपण लोंबीच म्हणू.

तुतीची मादी लोंबी नरापेक्षा आखूड असते आणि तिच्यातल्या प्रत्येक फुलातून पांढऱ्या दोन बारीक शेंड्या बाहेर डोकावतात. उडत आलेला पराग झेलायचा तो या शेंड्यांनी. पराग मिळाला की फुलाची चारही दलं फुगून रसाळ होतात. आपण जी तुती तोंडात टाकतो ती म्हणजे ही अख्खी लोंबी, आणि तिच्यावरचा प्रत्येक गुबगुबीत दाणा म्हणजे एकेक फूल. हातात आलेल्या पिकल्या तुतीवर वाळलेल्या काळपट शेंड्या कधीकधी अजून चिकटलेल्या सापडतात.

लोंब्यांचा खरा मुलूख थंड प्रदेशांचा. काश्मीरचा अक्रोड, हिमालयातला ओक, ज्याच्या सालीवर जुन्या पोथ्या लिहिल्या गेल्या तो भूर्ज, क्रिकेटची बॅट जिच्यापासून होते ती विलो, आणि पॉप्लर, या सगळ्यांना लोंब्या येतात. युरोपातल्या हेझेलच्या नर लोंब्या तर ऐन हिवाळ्यात, पानाचं नावही नसताना, फांद्यांवरून लटकतात. हेझेलचं मादी फूल इतकं लहान असतं की बंद कळीच्या टोकावर चार-दोन लाल तंतू दिसले तरच ते ओळखू येतं. पराग त्या तंतूंवर हिवाळ्यातच येऊन पडतो, पण प्रत्यक्ष फलन होतं काही महिन्यांनी, उन्हाळ्याच्या तोंडावर. तोवर सगळं थांबून असतं.

आता मुद्द्याचा प्रश्न. ही झाडं इतकी साधी, रंगहीन फुलं का काढतात? आणि आपल्या सातपुड्यात पळस, पांगारा, सावर अशी अंगभर पेटलेली झाडं का?

झाड जागचं हलत नाही. एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या स्त्रीकेसरापर्यंत पोचवायला त्याला कुणीतरी लागतं. हा 'कुणीतरी' वारा असेल तर फुलाचा थाट एक, आणि जीव असेल तर थाट वेगळा. वाऱ्याला डोळे नाहीत, नाक नाही, भूकही नाही. त्याच्यासाठी पाकळी रंगवणं, सुगंध काढणं, मध बनवणं हा सगळा वायफळ खर्च. उलट पाकळी आडवी येते. म्हणून वाऱ्यावर विसंबणारं झाड तो सगळा खर्च वाचवतं आणि एकाच गोष्टीवर उधळतं: पराग. एकेका लोंबीतून लाखो परागकण सुटतात. ते बारीक, हलके, कोरडे आणि गुळगुळीत असतात, एकमेकांना चिकटत नाहीत. समोरच्या मादी फुलाची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, बाहेर काढलेली, लांब किंवा पिसारलेली असते. पान फुटण्याआधीच फुलण्याचं कारणही हेच. पानांच्या गर्दीत पराग पानांवरच बसून वाया जातो.

आणखी एक अट आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली तिच्यातच आहे. वाऱ्यावर सोडलेला पराग कुठेही जातो. तो आपल्याच जातीच्या झाडावर पडायचा तर त्या जातीची झाडं जवळजवळ हवीत. थंड प्रदेशांत डोंगराचा अख्खा उतार एका-दोन जातींच्या झाडांनी भरलेला असतो. तिथे वारा पुरतो. सातपुड्यात यावलच्या जंगलात किंवा तोरणमाळच्या वाटेवर नुसतं उभं राहून मोजा: साग, सालई, अंजन, धावडा, तेंदू, मोहा, बेहडा, खैर, पळस, सगळी मिसळलेली. साग आणि अंजन कुठेकुठे सलग लागतात, पण बाकीच्यांना आपला जातभाई बऱ्याच अंतरावर शोधावा लागतो. मध्ये परक्यांची गर्दी. अशा ठिकाणी वाऱ्याच्या भरवशावर राहणं परवडत नाही. पत्ता बघून नेऊन देणारा कुणीतरी लागतो, आणि त्याला मजुरीही द्यावी लागते. म्हणून उष्ण प्रदेशांतल्या मिश्र जंगलांत बहुतेक झाडांनी मधमाश्या, माश्या, भुंगे, पतंग, पाखरं आणि वटवाघुळं हाताशी धरली.

अपवाद आहेत आणि ते ही अट पक्की करतात. सातपुड्यातला मानवेल बांबू हा गवताच्या कुळातला, पराग वाऱ्यावर सोडणारा. तो रांजीने, सलग वाढतो, आणि फुलतो तेही काही दशकांतून एकदा, मोठ्या पट्ट्यात एकदम, आणि फुलून झाला की मरतो. सगळ्यांनी एकदम पराग सोडला तर वाऱ्याला चुकायला जागाच कमी राहते. रस्त्याच्या आणि बागांच्या कडेने लावलेला सुरू हेही एक उदाहरण. लांबून तो पाइनच्या जातीतला वाटतो, पण तो सपुष्प, म्हणजे खरी फुलं येणारा वृक्ष आहे. त्याच्या बारीक फांद्यांच्या टोकांना नर लोंब्या येतात आणि मादी फुलांचे लालसर गोंडे वेगळे येतात. ओढ्यानाल्यांच्या काठी वाढणारा वाळुंज हा तर थेट विलोच्याच कुळातला, बॅटच्या लाकडाचा देशी नातेवाईक. नर वाळुंज वेगळा, मादी वेगळी. मात्र विलो कुळातली बरीच झाडं लोंबी काढूनही थोडा मध ठेवतात, त्यामुळे त्यांच्याकडे वाराही काम करतो आणि मधमाशीही.

वाऱ्याचं परागण डोळ्यांनी बघायचं असेल तर जंगलात जायची गरज नाही, मक्याचं वावर पुरे. मका झाड नाही, पण गणित तेच. शेंड्यावरचा तुरा नर, खोडाच्या मध्यावरचं कणीस मादी. कणसाच्या टोकाला जे रेशमी केस लोंबतात त्यातला प्रत्येक केस आत एका होणाऱ्या दाण्याला जोडलेला असतो. एका केसावर पराग पडला तर एक दाणा. सोलल्यावर कणीस मधेमधे बोडखं निघतं त्याचं एक मोठं कारण हेच की तेवढ्या केसांना पराग मिळाला नाही. तुरा आणि केस यांची वेळ जुळली नाही, किंवा ऐन परागाच्या दिवसांत ऊन तापलं आणि पराग मेला, केस वाळले. मक्याची एकच लांब ओळ लावण्यापेक्षा चौकोनी तुकड्यात लावलं तर दाणे चांगले भरतात, तेही यामुळेच.

एक सावधगिरी सांगायला हवी. नुसती लोंबी दिसली की वारा, असं समजू नये. तापीच्या काठापासून गावच्या उकिरड्यापर्यंत पसरलेली वेडी बाभूळ बघा. तिला पिवळसर हिरव्या, लोंबत्या मंजऱ्या येतात, दिसायला अगदी कॅटकिन. पण पाच मिनिटं खाली उभं राहिलं की मधमाश्यांचा गुणगुणाट ऐकू येतो. मध आहे, वास आहे, पुंकेसर पिवळेजर्द आहेत. खैर आणि शमी यांच्याही मंजऱ्या अशाच लांबट, आणि तिथेही कीटकच राबतात. झाडाचा पाहुणा कोण ते ठरवायला आकारापेक्षा मध आणि वास हा पुरावा जास्त खात्रीचा.

फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा त्यालाही पान नसतं. हेझेलसारखंच. पण पान नसण्याचं कारण इथे वेगळं आहे. खानदेशात थंडी झाडाला मारत नाही, पाण्याची ओढ मारते. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्या दिवसांत पानं ठेवणं म्हणजे साठवलेलं पाणी हवेत सोडून देणं. पानं गाळली की तो खर्च बंद होतो, मुळं खालून जे काही थोडं ओढतात ते खोडा-फांद्यांत भरतं आणि त्या बळावर कळ्या फुगतात. शिवाय उघड्याबोडक्या डोंगरावर केशरी झाड कोसावरून दिसतं, आणि पळसाला तेच हवं असतं, कारण त्याचे पाहुणे पाखरं आहेत. मैना, बुलबुल, शिंजीर. पाखरांना वास फारसा उपयोगाचा नाही, रंग दिसतो, म्हणून पळसाच्या फुलाला वास जवळजवळ नाहीच आणि मध मात्र भरपूर.

आता मोहा. नंदुरबारच्या अक्कलकुवा, धडगाव, मोलगीकडच्या घरांना या झाडाबद्दल मी नवीन काय सांगणार. पण फुलाची रचना नीट समजली तर फुलं वेचल्याने फळ कमी धरतं हा गैरसमज जातो, म्हणून सविस्तर लिहितो. मोहाचं फूल रात्रीचं. फांदीच्या टोकाशी तपकिरी लव असलेल्या कळ्यांचे घोस येतात. कळी उमलण्याआधीच तिच्यातून एक लांब दांडी बाहेर येते. ती स्त्रीकेसराची. म्हणजे फुलाचं मादी अंग आधी तयार होतं आणि दुसऱ्या झाडाचा पराग घ्यायला मोकळं असतं. स्वतःचा पराग नंतर सुटतो. मग रात्री फिक्कट, गरगरीत, साखरेने भरलेला पाकळ्यांचा गोळा उमलतो. पाकळ्या एकमेकींना जोडलेल्या आणि पुंकेसर आतून त्यांनाच चिकटलेले. वास उग्र. हा रंग, हा वास, ही वेळ वटवाघळांसाठी आहे. वटवाघूळ येतं, घोसाला लटकतं, रसाळ गोळा तोंडाने ओढून खातं, आणि तोंडाला लागलेला पराग पुढच्या झाडावर घेऊन जातं. जे गोळे उरतात ते पहाटे आपोआप गळतात. टोपल्या घेऊन बायामाणसं वेचतात ते हेच.

आता नीट बघा. खाली पडलं ते फक्त पाकळ्या आणि पुंकेसर. अंडाशय, म्हणजे जिथे फळ धरायचं ते घर, वर फांदीवर लांब दांडीसकट शाबूत आहे. म्हणून मोहाची फुलं वेचल्याने फळ कमी होत नाही. झाडाने त्या पाकळ्या टाकूनच दिलेल्या असतात. नुकसान होतं ते दुसऱ्याच गोष्टींनी. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो, त्यात गेल्या साली उगवलेली रोपं जळतात. मग पावसाच्या तोंडावर टोळंब्या, म्हणजे मोहाची फळं पिकतात, त्या तेलासाठी जवळजवळ सगळ्या गोळा होतात. जी थोडी बी रुजते ती गुरं चरतात. त्यामुळे बांधावर शंभरी गाठलेले मोहे उभे असतात आणि त्यांच्या सावलीत हाताच्या उंचीचं एकही रोप सापडत नाही. फुलं वेचणाऱ्यावर याचं खापर फोडणं अन्यायाचं आहे. पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला केला, नाहीतर झाडाखाली कापड अंथरलं, तरी बराच फरक पडेल.

उंबराकडे तर फूल दिसतच नाही. 'उंबराचं फूल' झालास, असं आपण वर्षा-वर्षाने भेटणाऱ्याला म्हणतो, पण उंबराला फुलं ढीगभर असतात, ती फळाच्या आत. उंबर मधोमध चिरलं की आतल्या भिंतीवर बारीक फुलांचा गालिचा दिसतो. त्यांची पाहुणी एक टीचभर माशी, खरं म्हणजे गांधीलमाशीच्या कुळातली पण मुंगीपेक्षाही लहान. मादी उंबराच्या टोकावरच्या छिद्रातून आत घुसते. ते छिद्र इतकं अरुंद की बहुधा तिचे पंख तुटतात. ती आणलेला पराग फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. अंड्यांतून निघालेले नर बिनपंखाचे; ते आतच माद्यांशी जुळतात आणि भिंत पोखरून वाट करतात. त्या वाटेने पंख असलेल्या नव्या माद्या नवा पराग घेऊन दुसरं उंबर शोधायला उडतात. वड, पिंपळ, उंबर यांच्या जवळपास प्रत्येक जातीची माशी वेगळी. ती माशी नसेल तर झाड कितीही मोठं असो, त्याला एकही रुजणारी बी येत नाही.

या सगळ्यात झाडांची एक कायमची काळजी दिसते: स्वतःचा पराग स्वतःलाच मिळू नये. पिढ्यान् पिढ्या तसं झालं तर वाण कमकुवत होतो. काही झाडं वेळ बदलतात, मोहासारखी. काही स्वतःचा पराग ओळखून तो रुजूच देत नाहीत. साग यातलाच, म्हणून पावसाळ्यात पांढऱ्या तुऱ्यांनी लदलेल्या सागाला फुलांच्या मानाने फारच थोडी फळं धरतात. काही जण नर आणि मादी फुलं वेगळी करतात. आणि काही थेट झाडंच वेगळी करतात. नदीकाठची शिंदी अशीच: एक झाड नर, दुसरं मादी, फळ फक्त मादीला.

पपईवाल्यांना हे सांगायला नको. जुन्या वाणांची बी लावली की निम्म्याच्या आसपास रोपं नर निघायची. म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावून फूल दिसेपर्यंत वाट बघायची, लांब दांड्यांवर लोंबणाऱ्या फुलांवरून नर ओळखायचा आणि दहा मादी झाडांमागे एक नर ठेवून बाकीचे उपटायचे. शहादा भागात तैवान ७८६ ही पपईची जात आली तेव्हा ही कटकट मिटली, कारण तिच्यात नुसता नर निघतच नाही; रोप एकतर मादी असतं किंवा उभयलिंगी, म्हणजे एकाच फुलात दोन्ही. मादीचं फळ गोलसर, उभयलिंगीचं लांबट. बाजारात लांबट पपईला भाव बरा मिळतो.

आणि केळीला तर कुणीच पाहुणा लागत नाही. मृगबाग असो की कांदेबाग, म्हणजे लागवड कुठल्याही हंगामातली असो, केळी निसवली, घड बाहेर पडला की घडाच्या वरच्या फण्यांमधली फुलं मादी असतात आणि त्यांचीच केळी होतात. टोकाला लोंबणाऱ्या केळफुलातल्या जांभळ्या पानांखाली नर फुलं असतात. पण लागवडीच्या केळीचं फळ परागाशिवायच भरतं आणि त्यात बी नसते. केळं कापल्यावर मधोमध जे काळे ठिपके दिसतात ते न झालेल्या बियांचे. म्हणून फण्या पडून झाल्या की केळफूल मोडून टाकलं तरी घडाचं काही बिघडत नाही, उलट अन्न घडाकडे वळतं. बदल्यात किंमत अशी की मुनव्यांवरून (बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लांवरून) किंवा टिश्यू कल्चरने वाढवलेलं प्रत्येक रोप आधीच्याचीच नक्कल असतं. एका रोपाला जो रोग लागतो तो अख्ख्या बागेला लागू शकतो, कारण त्याला अडवणारं वेगळं रक्त बागेत कुठेच नाही.

फूल झालं, फळ धरलं, तरी प्रवास संपत नाही. आता बी हलवायची असते आणि इथे वारा पुन्हा कामाला येतो, परागासाठी पाखरांकडे गेलेल्या झाडांच्यासुद्धा. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असते, बाकी सगळी शेंग म्हणजे पंख. अंजनाचंही तसंच, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला वारं सुटलं की अंजनाच्या कागदासारख्या शेंगा गिरक्या घेत झाडापासून लांब जातात. वाळुंज आणि पॉप्लर यांच्या बियांना पांढरी मऊ लव असते. सरकीवरचा कापूस हीदेखील बियांच्या सालीवरचीच लव. फक्त कापसाच्या लवेत आपण इतकी निवड केली की ती आता वाऱ्यावर जात नाही, जिनिंगला जाते. काश्मीरमध्ये पॉप्लरची लव उडू लागली की लोक शिंकांचा दोष तिला देतात. पण ती बियांची लव, पराग नव्हे. शिंका येतात त्या बहुतेक करून त्याच सुमारास उडणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या गवतांच्या आणि इतर झाडांच्या परागामुळे.

बी किती दिवस टिकते यावर झाडाने फुलण्याची वेळ बांधलेली असते. वाळुंजाची बी ओल्या गाळावर लगेच पडली तरच रुजते, थोड्याच दिवसांत तिच्यातला जीव जातो. निंबोळी आणि मोहाची बी काही आठवडे टिकते, म्हणून दोन्ही झाडं पावसाच्या तोंडावर बी टाकतात. घरातल्या डब्यात ठेवून पुढच्या मृगात पेरलेली टोळंबीची बी उगवत नाही. मोहा लावायचा असेल तर ज्येष्ठ-आषाढात झाडाखाली पडलेलं पिकलं फळ उचलावं, गर काढून बी धुवावी आणि त्याच आठवड्यात पिशवीत नाहीतर थेट बांधावर पेरावी. सोटमूळ लवकर खोल जातं, त्यामुळे रोप पिशवीत फार दिवस ठेवू नये.